उसातली बोरमाळ

माझ्या कानावर हेडफोन असतात, हातात लांब दांडीला लावलेली थाळी असते, आणि मी कुणाच्या तरी रानातून खाली मान घालून एकेक पाऊल टाकत असते. बांधावर बसलेल्यांना वाटतं, ही बाई गाणी ऐकतेय. राधानगरीकडच्या एका आजोबांनी मला विचारलंसुद्धा, "कुठलं गाणं लागलंय?" मी हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावले. त्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "ह्यात नुसती घूं चाललीया की."

मी म्हटलं, "तीच ऐकायची. ती बदलली की थांबायचं."

माझं काम एवढंच आहे. हरवलेले दागिने शोधून देते. रानात, अंगणात, शेणखताच्या ढिगात, मंगल कार्यालयाच्या मागच्या गवतात, जिथं म्हणाल तिथं. मुळात आमचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी जळतात, त्यांच्यातली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची. लग्न होऊन आले तेव्हा मला मोटार म्हणजे फक्त रस्त्यावरची गाडी माहीत होती. पुढं अशी वेळ आली की आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, गिऱ्हाइकाशी बोलायचे आणि तारेचे वेढे मी घालायची. हात चालू असायचे आणि डोकं कुठंतरी दूर गेलेलं असायचं. त्या कामात एक गुंगी आहे. ज्यांनी विणकाम केलंय त्यांना कळेल.

एका शेतकऱ्याच्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह मातीखाली गडप झाला होता, म्हणून मालकांनी जुन्या रेडिओचे भाग आणि आमचीच तार घेऊन एक यंत्र जुळवलं. वेढ्यातून वीज फिरते, जमिनीत धातू असला की तिला ते कळतं, आणि ते कळलेलं आवाजात उमटतं. व्हॉल्व्ह सापडला. मग त्या शेतकऱ्याच्या भावजयीची कानातली कुडी हरवली, तिच्यासाठी निरोप आला. मालक म्हणाले, बाईमाणसांच्यात मी कुठं जाऊ, तूच जा. मी गेले, ती आजतागायत जातेच आहे. दुकान आता मुलगा बघतो. यंत्र आता विकतचं आहे, हलकं आहे, पण घूं तीच.

लोकांना वाटतं, सोन्यावर थाळी आली की यंत्र टुणकन वाजतं. तसं नसतं. लोखंड असलं की आवाज खरखरतो, दम लागलेल्या माणसासारखा. चांदीचा वर जातो, स्वच्छ येतो. सोन्याचा मधला, मऊ, जरा दबलेला. आणि अगदी तसाच आवाज गुटख्याच्या पुडीतल्या चंदेरी कागदाचा येतो. त्या पुड्यांनी मला आयुष्यात जितकं फसवलं तितकं कुणी फसवलं नसेल. गुडघे टेकून, श्वास रोखून माती बाजूला करायची, आणि खाली गुटखा. मागं उभ्या असलेल्या बाईचा चेहरा तेव्हा बघवत नाही.

यंत्रापेक्षा विचारणं महत्त्वाचं. हरवल्याचं केव्हा कळलं हे सगळे सांगतात. पण कळण्याआधी अंगावर होतं हे शेवटचं नक्की केव्हा आठवतं, ते विचारावं लागतं. त्या दोहोंच्या मधली वाट शोधायची. आणि दुसरं म्हणजे ज्या बाईचं हरवलंय तिला एकटीला गाठायचं. चारचौघांत सांगितलेली वाट आणि खरी वाट यांत पुष्कळदा एखादं वळण कमी असतं.

विचित्र गिऱ्हाइकंही येतात. एक गृहस्थ गाडी घेऊन दाराशी आले. म्हणाले, "ताई, एका देवळामागं धन पुरलंय. निम्मं तुमचं." मी विचारलं, कुणाचं धन? म्हणाले, जुन्या लोकांचं, ते कधीच वारले. मी म्हटलं, ज्याचं हरवलंय त्यानं स्वतः येऊन सांगितल्याशिवाय मी शोधत नाही. ते रागावून गेले. पुरलेलं धन शोधणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवते.

रुखरुखही आहे. कोल्हापुरातच एका बंगल्यात पाटली शोधायला गेले, आणि ती बागेतल्या पालापाचोळ्याच्या खड्ड्यात मिळाली. सगळे हसले, पेढे आले. पण त्याआधीच त्या घरानं भांडी घासणाऱ्या बाईवर संशय घेऊन तिला काढून टाकलं होतं. पाटली मिळाली म्हणून बोलावणं गेलं, ती आली नाही. माझं यंत्र जमिनीतलं सांगतं. ती बाई त्या दिवशी घरी जाताना कुठल्या रस्त्यानं गेली असेल, काय घेऊन गेली असेल, ते त्यात वाजत नाही.

तेव्हापासून मी लवकर जाते. फोन आला की दुसऱ्याच दिवशी.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मल्लाप्पांचा फोन आला तेव्हाही तशीच गेले. मल्लाप्पा हातकणंगल्याकडचे. थोडी शेती, एक विहीर, आणि सारखी जळणारी एक मोटार, त्यामुळं आमचं जुनं गिऱ्हाईक. फार कमी बोलणारा माणूस. फोनवर म्हणाले, "ताई, मशीन घिऊन गडहिंग्लजला येता काय? पोरीचं जरा अवघड झालंय."

त्यांची मुलगी शिवलीला गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावात दिलेली. घर शेतीचं आणि दुभत्याचं. नवरा टँकरवर ड्रायव्हर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. घरात सासू आणि शिवलीलाची वर्षाची मुलगी. सासूचं नाव गंगव्वा. या गंगव्वांची बोरमाळ, म्हणजे बोराएवढ्या पोकळ सोन्याच्या मण्यांची माळ, दसऱ्याला त्यांनी सुनेच्या गळ्यात घातली. दुसऱ्या दिवशी सून ती गळ्यात तशीच ठेवून गवताला गेली, आणि परत आली तेव्हा गळा मोकळा होता.

एसटीतून उतरले तर मल्लाप्पा स्टँडवर उभे. घरी पोचल्यावर पुढच्या सोप्यात भिंतीला टेकून बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांच्या मधे धरले. व्याह्याच्या घरी असा बसलेला बाप मी पुष्कळदा बघितलाय.

गंगव्वा बाहेर आल्या. उंच, काटक बाई, कपाळावर विभूतीचे पट्टे. मराठी बोलताना मधेच कानडी वळण.

"अक्का, तुम्ही कोल्हापूरस्न आलाय, च्या घ्या. पन मी सांगतो ते आदी ऐका. ती माळ माझ्या अव्वाची, आईची. अव्वानं मरताना गळ्यातली काडून माझ्या हातात दिली. मी कदी मोडली न्हाय, गहान ठिवली न्हाय. माळ गावली तर ब्येस. न्हायतर पोरीच्या बानं किंमत भरायची. दोनीतलं एक."

आमच्याकडं बऱ्याच बायका 'मी सांगतो, मी जातो' असंच बोलतात, त्यात वेगळं काही नाही. वेगळं होतं ते त्यांचं शांतपण. आवाज चढला नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. राग उतरतो.

मल्लाप्पा खाली बघत म्हणाले, "भरतो की. म्या न्हाय म्हटलं न्हाय."

शिवलीला दाराआड उभी होती, कडेवर मूल. विशीतली असेल. पण मला पहिल्यांदा दिसले ते तिचे डोळे. रडून लाल झालेले नव्हते. झोप नसलेल्या माणसाचे असतात तसे, उघडे पण कुठंतरी आत गेलेले. मी तिला वाट विचारली. तिनं सगळ्यांसमोर सांगितली. घरातून निघून पाणंदीनं गवताच्या वाफ्यापर्यंत, तिथून विहिरीवर पाणी प्यायला, तिथून भारा घेऊन घरी.

"माळ शेवटची कधी आठवती?"

"गवत कापताना. भाऱ्यात अडकंल म्हणून गळ्यातच पदराखाली सारली हुती."

"आणि नाही हे कधी कळलं?"

"दारात आल्यावर. आत्ती म्हणाल्या, माळ कुटं हाय." सासूला ती आत्ती म्हणायची.

मी सकाळभर ती वाट ऐकली. पाणंदीत बैलाचा नाल मिळाला, विळ्याचं तुटकं टोक, दोन पुड्या, खिळे. गवताच्या वाफ्यात काही नाही. बोरमाळ ऐकायला अवघड दागिना. मणी आतून लाखेनं भरलेले, वरचा पत्रा पातळ, आणि मण्यांच्या मधे दोरा. सबंध सोन्याचं कडं असलं तर यंत्राला लांबून कळतं, बोरमाळ अगदी जवळ जाईपर्यंत गप्प असते. म्हणून मी फार हळू चालले. ऊन चढत गेलं. कानातल्या त्या एकसुरी आवाजानं हळूहळू असं होतं की आजूबाजूचं सगळं लांब जातं. कोंबडा आरवतो तो दुसऱ्या गावात आरवल्यासारखा वाटतो. आपण चालतोय की जमीन मागं सरकतेय, कळत नाही.

विहिरीशी पोचले तेव्हा शिवलीला पाणी घेऊन आली. आसपास कुणी नव्हतं. मी पाणी प्यायले आणि काही न विचारता बसून राहिले. विचारलं की माणूस सांगितलेलंच पुन्हा सांगतो.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "मावशी, एक जागा ऱ्हायली."

"कुठली?"

तिनं विहिरीपलीकडच्या उसाकडं बघितलं. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात लावलेला, तोडणीला आलेला, दोन पुरुष उंच ऊस. "आत."

"आत काय करायला गेलतीस?"

आता माझ्या वयाच्या बाईच्या मनात जे येतं तेच माझ्या मनात आलं, ते मी लपवत नाही. नवरा महिन्यातला निम्मा बाहेर, तरुण पोर, उंच ऊस. मी मनातल्या मनात मल्लाप्पांचा चेहरा बघितला.

ती म्हणाली, "झोपायला."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. मूल रात्रभर जागवतं. पहाटे धारा. मग शेण, भाकरी, डेअरीला दूध. दिवसा घराची दारं उघडी, येणारं-जाणारं, आणि दिवसा पाठ टेकलेली आत्तींना चालत नाही. मग ती गवत भराभर कापायची आणि राहिलेल्या वेळात उसात शिरून झोपायची. रोज नाही, जमेल तेव्हा. आत एक जागा तिनं शोधून ठेवली होती.

"कुणाला म्हाईत न्हाय. सांगितलं तर ती जागा बी जायाची," ती म्हणाली. माळेपेक्षा तिला त्या जागेची काळजी जास्त वाटत होती असं मला त्या क्षणी वाटलं, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

"तू स्वतः बघितलंस का तिथं?"

"किती येळा. पाला उचलून उचलून बघितला. न्हाय."

"झोपलीस तेव्हा गळ्यात होती?"

ती जरा घुटमळली. "मला सपान पडलं हुतं. माझी अव्वा आलती. लहानपनी जत्रंस्न आल्यावर ती आमच्या गळ्यातलं काडून खुंटीला अडकवायची, तसं तिनं माझ्या गळ्यातली माळ काडली न् खुंटीला अडकिवली. म्हणाली, रुततीया ती, आता झोप. मग मी झोपले. जाग आली ती आत्तींच्या हाकंनं, तशीच पळत सुटले."

मी म्हटलं, "स्वप्नातलं राहू दे गं. जागेपणीचं सांग." हे वाक्य मी जरा तुसडेपणानं बोलले. धंद्यातल्या माणसाला कधीकधी असा ताठा येतो.

ती मला उसात घेऊन गेली. बाहेरून बघितलं तर आत माणूस शिरेल असं वाटत नव्हतं. पाटाच्या कडेनं वाकून, पानं हातानं बाजूला करत थोडं गेलो, आणि एकदम मोकळं झालं. लावणीच्या वेळी तिथं उसाच्या कांड्यांवरचे काही डोळे उगवले नव्हते, त्यामुळं जमीन रिकामी राहिली होती, आणि दोन्ही बाजूंचा ऊस वाढून वाढून तिच्यावर कलला होता. एक लहान खोलीच झाली होती. खाली वाळलेल्या पाल्याचा जाड थर, एका कडेला खताच्या रिकाम्या पोत्याची नीट घडी, तिला डोक्याचा खळगा पडलेला. वर ऊन होतं, पण आत पोचेपर्यंत त्याचं पिवळसर हिरवं काहीतरी झालं होतं, ताकात कोथिंबीर ठेचून घातल्यासारखं. पानं पानांवर घासत होती, एका सुरात. माझ्या कानातली घूं आणि ती सळसळ एकच वाटायला लागली.

तेवढ्यात घराकडून गंगव्वांची हाक आली. मूल रडत होतं. शिवलीला पळाली.

मी ती सगळी जागा इंच इंच ऐकली. पाला बाजूला करून ऐकली, पुन्हा पसरून ऐकली. पोत्याखाली, पाटाच्या काठाला, उसाच्या बुडख्यांत. काही नाही. यंत्र इतकं गप्प होतं की ते चालू आहे ना म्हणून मी हातातल्या बांगडीवर धरून बघितलं. मग पोत्याच्या घडीवर जरा टेकले. हेडफोन काढायचे राहिले. पाय लांब केले. म्हटलं, पोर कशी झोपत असेल बघावं, म्हणून मान खाली टाकली. खरंच बरं वाटत होतं. एवढंच आठवतं.

डोळे उघडले तेव्हा समोर गंगव्वा उकिडव्या बसून माझ्याकडं बघत होत्या.

"जेवायला हाका मारून घसा बसला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, साप चावून पडली का काय ही बाई. बघतो तर घोरती हाय."

मी उठून बसले, हेडफोन काढले, काहीतरी सारवासारव करायला लागले. त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. त्या ती जागा बघत होत्या. दाबलेला पाला. पोतं. त्यांनी पोत्याची घडी हातानं चाचपली.

"हे पोतं मीच घातलं," मी म्हटलं. "टेकायला."

"तुम्ही न्हवं," त्या म्हणाल्या. "ही घडी माझ्या सुनंची हाय. घरातल्या चादरी बी ती अश्शाच घालती, दुमडून आत खोचून."

आता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता.

"कदीपास्न?"

"मला नाही माहीत. पण गंगव्वा, तिची झोप होत नाही. मूल रात्रभर जागवतंय."

"आमची हुत हुती व्हय?" त्या म्हणाल्या. तेवढ्यापुरता आवाज कडक झाला. पानांची सळसळ चालू होती. त्यांनी पायाचा घोटा चोळला. मग म्हणाल्या, "मी उब्यानं झोपायचो. न्हाय, बसून. धार काडताना म्हशीच्या पोटाला डोस्कं लावायचो न् डोळं मिटायचो. हात चालू असायचं. म्हस मोठी गुनाची हुती, हलायची न्हाय. चरवी भरली की वाज बदलायचा, मग जाग यायची."

चरवीतल्या दुधाचा आवाज बदलल्यावर जागी होणारी ही बाई आणि तारेच्या वेढ्यांत गुंगणारी मी, दोघी समोरासमोर बसलो होतो. मी त्यांना म्हटलं, "जरा पाठ टेका. कुणी येत नाही इथं."

वाटलं, नाही म्हणतील. त्यांनी एकदा पाटाच्या बाजूला बघितलं, पदर सारखा केला आणि हळूच आडव्या झाल्या. सुनेच्या पोत्यावर डोकं ठेवलं. डोळे मिटले नाहीत, वर बघत राहिल्या. मल्लाप्पा सोप्यात तसेच बसले असतील हे मला आठवत होतं, तरी उठवत नव्हतं. असं वाटत होतं की आम्ही एका तळ्याच्या तळाशी बसलोय आणि वरचं जग वर चाललंय.

मला वाटलं, त्यांना झोप लागली. मग त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "अक्का, ते काय हाय वं?"

त्यांचा हात वर होता. मी बघितलं, मला काही दिसेना. "बसून न्हाय दिसायचं. हितं या," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी आडवी झाले आणि त्यांच्या बोटाच्या रेषेत बघितलं. डोक्याच्या अंगाला एक जाड ऊस वाकलेला होता. त्याच्या वाळक्या पानांच्या बेचक्यात, झोपलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, बोरमाळ लोंबत होती. वाळक्या पाल्याचा रंग सोन्यासारखा आणि सोन्याचा रंग पाल्यासारखा. उभ्यानं बघणाऱ्याला ती दिसणार नव्हती. फक्त खालून, वरचा उजेड मागं असला की, मण्यांची एक काळी रेघ दिसत होती.

झोपेत त्या पोरीनं स्वतःच ती काढून अडकवली होती. तिनं मला ते सांगितलंही होतं. मी जमीन ऐकत बसले.

गंगव्वांनी हात वर करून माळ काढली. लगेच उठल्या नाहीत. तशाच पडून दोन्ही हातांनी ती डोळ्यांसमोर धरली, एकेक मणी बोटांखालून सरकवत शेवटपर्यंत गेल्या. मग उठल्या, अंगावरचा पाला झटकला, माझ्या पाठीवरचाही झटकला.

घराशी आलो तेव्हा मल्लाप्पा आम्हाला बघून उभे राहिले. शिवलीला दारात होती. सासू उसाच्या बाजूनं आली हे तिनं बघितलं होतं.

गंगव्वा म्हणाल्या, "पाटाच्या कडंला गावली. चिखलात. अक्कांच्या मशीननं दावली."

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मल्लाप्पा पुढं आले आणि माझ्याऐवजी त्या यंत्रालाच हात जोडले. मग तोंड फिरवून परसात गेले, बराच वेळ आले नाहीत. माळ कोरडी होती, मातीचा कण नव्हता तिच्यावर. शिवलीलानं ते बघितलं. माळेकडं, मग सासूच्या केसांकडं. तिथं वाळक्या पानाचा एक तुकडा राहिला होता. तिनं पुढं होऊन तो काढला आणि मुठीत धरला.

"च्या टाक," गंगव्वा तिला म्हणाल्या. "न् माळ आता माझ्याच गळ्यात ऱ्हाऊ दे."

इतक्या वर्षांच्या कामात मी न शोधलेल्या दागिन्याबद्दल मला नारळ आणि खण पहिल्यांदाच मिळाला. मी घेतला. खरं सांगायची जागा ती नव्हती. परतीच्या एसटीत मात्र खिडकीपाशी बसून मी मोठ्यानं हसले. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, झोप झाली.

उन्हाळ्यात मल्लाप्पांची मोटार पुन्हा जळाली. ती द्यायला आले तेव्हा शिवलीला माहेरी आलेली होती. त्यांनी दुकानातूनच फोन लावून माझ्या हातात दिला. मी तिची, मुलीची चौकशी केली. मग विचारलं, "ऊस गेला का गं?"

"कवाच. दिवाळी झाली न् तोड आली. आता सगळं उघडं हाय. रस्त्यावरची यष्टी घरातनं दिसती."

"मग आता कसं करतीस?"

ती हसली. आवाज खाली आणून म्हणाली, "दुपारी आत्ती पोरीला घिऊन शेजारी जात्यात. जाताना दाराला भाईरनं कडी घालत्यात. कुनी इचारलं की सांगत्यात, सून रानात गेलीया."

"त्यांनी तुला काही म्हटलं का, त्या दिवसाबद्दल?"

"एक सबूद न्हाय. मी बी काडला न्हाय."

"आणि झोप लागती का, बंद घरात?"

"पयल्या दिशी लागंना. आत्ती कडी घालून गेल्या खऱ्या, पन दाराशीच हुबा ऱ्हायल्या. पोरगी त्यांच्या कडंवर गुनगुनत हुती, मला आयकू येत हुतं. म्हटलं, ह्या जातील कवा. मग मी लटकंच घोरले. जरा मोठ्यांदा. मग त्या गेल्या." ती थांबली. "मग खरंच लागली."